पुंजण्यातली काच

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या दुधात मी वीस वर्षं लॅक्टोमीटर बुडवते आहे. भाजीवाली म्हणाली, आजचीच तोडलेली भेंडी आहे, की मी दोन-चार शेंडे मोडून बघते. नवरा म्हणतो, उद्या देव दारात उभा राहिला तरी तू त्याला आधार कार्ड मागशील. मागेन की. भंडाऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना याच स्वभावाचं कौतुक झालं. तिथे त्याला शास्त्रीय दृष्टी म्हणतात. घरात त्याला काय म्हणतात तेही मी ऐकून आहे.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात एका सकाळी माझा धाकटा भाऊ भंडाऱ्याजवळ शहापूरला आमच्या घरी आला. फोन न करता आला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझं माहेर अड्याळकडचं. दोघे भाऊ तिथे धानाची शेती करतात, दादा थोरला आणि हा धाकटा, मधली मी. सहा दिवसांपूर्वी धाकट्याचं धानाचं पुंजणं जळालं होतं. आमच्याकडे धान कापला की त्याचे भारे बांधून बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या शेतातच, गोल रचून ठेवतात, मळणीची मशीन येईपर्यंत. तेच पुंजणं. लांबून एखाद्या बुटक्या झोपडीसारखं दिसतं आणि त्यात घराचं वर्ष असतं. धाकट्याचं ते वर्ष दोन दिवस धुमसत राहून राख झालं होतं.

तो खाली बसला, चहा घेतला आणि दुपट्ट्याची गाठ सोडली. आत काळपट हिरवा, मुठीएवढा गोळा होता. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने भोकाभोकांचा. काच होती ती, पण कोणी मुद्दाम केलेली नव्हती. पुंजण्याच्या राखेत असे सात-आठ तुकडे सापडले, म्हणाला. आग लागली त्या संध्याकाळी पूर्वेकडे आकाशात तांबडी रेघ ओढल्यासारखं काही गेलेलं दोघा-तिघांनी पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी गावाने जोडल्या. वरून जळता दगड पडला आणि त्यानेच पुंजणं पेटवलं. एक तुकडा तर पिंपळाखाली ठेवून त्याला हळदकुंकूही लावून झालं होतं.

"ताई, तू फक्त लिहून दे, हा वरतून पडला म्हून," तो म्हणाला.

"कायले?" मी विचारलं. माहेरचं माणूस समोर आलं की माझी बोली आपोआप घरी जाते.

"लोक काय काय बोलून राहिले. कागद असला त चूप बसतात."

लोक काय बोलत होते ते मला ठाऊक होतं, कारण त्याच्या बायकोने फोनवर सगळं सांगितलं होतं. आमची एक बोडी आहे, म्हणजे शेतातलं लहान तळं, दोघा भावांत सामाईक. ऑक्टोबरात धान दाण्यावर असताना दादाने तिचं तोंड आठ दिवस आधीच बंद केलं. धाकटा भांडायला गेला. चार माणसांसमोर दादाच्या तोंडून निघून गेलं की तुझा धान घरी कसा येते ते पाहतो. रागातलं बोलणं, पण पुंजणं जळाल्यावर गावाला ते शब्दन् शब्द आठवलं. आमच्या भागात वैरातून पुंजणं पेटवणं ही काही न ऐकलेली गोष्ट नाही. पोलीस ठाण्यात दादाला दोनदा बोलावून झालं होतं. तक्रारीत धाकट्याने कोणाचंच नाव घेतलं नव्हतं, ते गावाने पुरवलं.

म्हणजे त्या गोळ्यावर दादाची अब्रू टांगलेली होती. तो आकाशातून आला असेल तर दादा सुटला. नसेल तर नाही.

आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? नुकसानभरपाई. नैसर्गिक आपत्तीत बसवायला याला बहिणीचा कागद हवा, असं मला वाटलं. मी त्याला तोंडावर तसं म्हणाले नाही, पण आवाजात ते उतरलंच असणार, कारण त्याने उरलेला चहा न पिता कप खाली ठेवला. मी सांगितलं, तपासल्याशिवाय मी काहीच लिहून देत नाही. रविवारी तपासून घेऊन येते. तो बरं म्हणाला आणि गोळा ठेवून गेला.

नवरा वरठीच्या बाजूला एका कारखान्यात तीस वर्षं आहे. त्याने गोळा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाला, स्लॅग आहे, भट्टीचा मळ, आजकाल रस्त्यांच्या भरावात सगळीकडे टाकतात. हा त्याचा धंद्यातला संशय. माझा निराळा होता. मला वाटत होतं, कोणीतरी बांधीत प्यायला बसलं असेल, बाटली तिथेच फेकली असेल आणि ती आगीत वितळली असेल. कोण बसलं असेल, याचीही मी मनात यादी केली. यादीत धाकटाही होता.

आकाशाच्या काचेबद्दल मला पुस्तकातून माहीत होतं आणि ते जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण गावाची चूक नेमकी तिथे होती. आकाशातून डोंगराएवढा दगड येऊन जमिनीवर आदळला की तो स्वतः बहुतेक वाफ होऊन जातो. वितळते ती खालची जमीन. तो रस मैलोन्‌मैल उडतो, हवेतच थिजतो आणि थेंबाच्या, बटणाच्या, पेल्याच्या बुडासारख्या आकारात खाली पडतो. त्याला टेक्टाइट म्हणतात, म्हणजे आघातातून झालेली काच. ती काच आकाशाची नसतेच, ती मातीचीच असते. म्हणून जिथे आघात झाला तिथल्या खडकासारखी तिची घडण असते. बहुतेक टेक्टाइटमध्ये शंभरात सत्तर ते ऐंशी भाग सिलिका, म्हणजे वाळूचा मूळ पदार्थ, दहा-पंधरा भाग ॲल्युमिना आणि उरलेल्यात लोह, मॅग्नेशिया, चुना, थोडा सोडा आणि पोटॅश. आफ्रिकेच्या वाळवंटात एक पिवळसर काच मिळते, तिच्यात अठ्ठ्याण्णव भाग सिलिका आहे, कारण खाली वाळूच होती. आपल्या लोणारला खाली काळा बेसाल्ट, म्हणून तिथल्या काचेत सिलिका पन्नासच्या आसपास आणि लोह, चुना भरपूर.

दोन खुणा मात्र फसवत नाहीत. एक, अशा काचेत पाणी जवळजवळ नसतं. ज्वालामुखीच्या काचेतसुद्धा थोडं पाणी अडकलेलं असतं, पण आघाताच्या उष्णतेत ते उडून जातं. दुसरी, वाळूचे कण न विरघळता आतल्या आत वितळून निव्वळ सिलिकेच्या दोऱ्या बनतात. त्यासाठी सतराशे अंशांच्या वर उष्णता लागते आणि ती लोहाराच्या बापालाही जमणार नाही. शिवाय उडत येणारी लहानशी उल्का जमिनीवर पोचेपर्यंत गार झालेली असते. ती गवताची काडीही पेटवत नाही.

इतकं माहीत असताना तपासायचं काय होतं? पण मी माझ्या माहितीवरही संशय घेते.

शनिवारी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी गोळ्याचा कोपरा हातोडीने फोडला. आत भोकंच भोकं. दोन भोकांच्या कडेला काळा कोळसा चिकटलेला, आणि एका भोकाच्या आतल्या अंगावर उभ्या बारीक रेषा. भिंगाखाली धरलं तर त्या रेषांच्या मध्ये गाठ दिसली, काडीच्या पेराची गाठ. मी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. गाठ होती.

मग तुकड्याची पूड केली, जिप्सममध्ये कालवली आणि तारेवर घेऊन ज्योतीत धरली. बाटलीची काच असती तर पिवळीजर्द ज्योत उठून राहिली असती, कारण बाटलीत सोडा भरपूर असतो. पिवळं थोडं दिसलं, पण ते कशातही दिसतं, बोटाच्या घामाने सुद्धा. निळ्या काचेतून पाहिल्यावर पिवळं गेलं आणि मागे फिकी जांभळी ज्योत राहिली. पोटॅश, आणि तोही बेताचा नाही. माझ्या कपाटातल्या बाटलीच्या तुकड्यावर हेच करून पाहिलं, जांभळं दिसलं नाही. पूड आम्लात उकळून फॉस्फेट पाहिलं, तर परीक्षानळीत तळाशी हळदीसारखा पिवळा साका बसला. वाळूच्या काचेत किंवा नवऱ्याच्या भट्टीच्या मळात हे दोन्ही इतकं सापडत नाही. झाडापाल्याच्या राखेत सापडतं.

धान कापणाऱ्या बाईच्या हातावरचे ओरखडे पाहिले की कळतं, धानाचं पान ब्लेडसारखं कापतं. ते सिलिकेमुळे. धान जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका पिऊन घेतो आणि अंगात साठवतो. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळलं की राखेचा मोठा वाटा सिलिकेचा आणि त्याखालोखाल पोटॅशचा. एकटी सिलिका हट्टी, पण पोटॅश सोबत असला की ती फार कमी उष्णतेत पाघळते. गच्च रचलेलं पुंजणं दोन दिवस आतून धुमसलं की त्याच्या पोटात राख वितळते आणि काच होते. तो गोळा आगीचं कारण नव्हता. आगीतून निघालेला होता.

मला आनंद झाला, हे कबूल करते. इतक्या वर्षांत पोरांना ठरलेले क्षार ओळखायला देत आले, उत्तर आधीच माहीत असलेले. ही पहिली गोष्ट होती जिचं उत्तर मला माहीत नव्हतं आणि मी ते काढलं. त्या आनंदात दादा कुठेच नव्हता.

रविवारी सकाळच्या एसटीने गेले. आधी धाकट्याच्या बांधीवर गेले. जळलेल्या जागी काळं वर्तुळ होतं आणि त्यात दादा वाकून उभा होता. फावड्याने राख बाजूला करत होता, खालून अर्धवट भाजलेला धान निघतो का पाहत होता. धाकटा टोपलं धरून होता. बोडीच्या भांडणानंतर दोघे एकमेकांच्या बांधावरही आले नव्हते आणि आता एकाच टोपल्याला हात लावून होते. धाकट्याच्या बायकोने सांगितलं की आकाशाची गोष्ट गावात पसरल्यापासून दादा रोज येतो, परवा जेवलाही आमच्याकडे. हे ऐकून दुसऱ्या कोणाही बहिणीचं मन भरून आलं असतं. माझ्या मनात आलं, चोराच्या मनात चांदणं. हा रोज राखेपाशी येतो तो कशासाठी?

मी दोन मुठी राख पिशवीत घेतली आणि गावातल्या लोहाराकडे गेले. माझं मलाही पटायला हवं होतं. लोखंडाच्या पळीत राख घातली तर लोखंडाचा गंज मिसळून निकाल बिघडेल, म्हणून दिवाळीच्या पणत्या शोधून आणल्या. लोहाराने कोळशावर पणती ठेवून भाता लावला. आता भाता विजेचा आहे. बराच वेळ काही झालं नाही. मग राख आत बसली, कडेने ओलसर चमकायला लागली आणि पणतीच्या बुडाशी काळपट हिरवा थेंब गोळा झाला. लोहार म्हणाला, बाई, हे तर त्या पिंपळाखालच्या देवासारखंच झालं. मी म्हटलं, तेच आहे.

ती पणती घेऊन मी दादाच्या ओसरीत गेले. धाकट्याने गावातल्या चार वडीलधाऱ्यांना आधीच बोलावून ठेवलं होतं, ताई कागद घेऊन येणार म्हणून. दादा खांबाशी बसला होता, हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून. मी गोळा आणि पणती शेजारी शेजारी ठेवले आणि वर्गात सांगतात तसं सगळं सांगितलं. आकाशाची काच कशी होते, तिच्यात काय असतं, हिच्यात काय आहे. काडीची गाठ भिंगातून एकेकाला दाखवली. म्हातारी माणसं हुशार होती, त्यांना भराभर समजलं. एकाने तर विचारलं की मग तणस जाळणाऱ्या प्रत्येकाला असं का सापडत नाही. मी सांगितलं, उघड्यावर भुरुभुरू जळलं तर राख थंड राहते, गच्च रचून कोंडलं तरच वितळते. चांगला प्रश्न, असंही म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण आकाश गेलं की आग लावणारा माणूसच उरत होता. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि सगळे पणतीकडे बघत होते.

दादाच बोलला. आवाज शांत होता.

"मंग आग कशानं लागली, बाई?"

मी म्हटलं, ते काचेवरून सांगता येत नाही. हे खरं होतं. अजूनही खरंच आहे.

"काचेचं राहू दे. तुले काय वाटते? मी लावली काय?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. एका शब्दाचं उत्तर. लहानपणी मला खांद्यावर बसवून बोडीच्या पाण्यातून शाळेकडे नेणारा माणूस विचारत होता. आणि मी, जिने आयुष्यभर पुराव्याशिवाय कशावरच विश्वास ठेवला नाही, मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे निरखलं. डोळे हलतात का, घाम येतो का, बोटं काय करतात. दोन क्षण लागले असतील, तीन लागले असतील. मग मी म्हटलं, "नाही रे दादा, असं कसं?"

पण तोवर उशीर झाला होता. त्याने मान हलवली, हळूच उठला आणि आत गेला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होती, तिला त्याने वाट करून दिली. चहा चौघांनी घेतला, मीही घेतला. काय करणार होते?

धाकटा मला एसटीच्या थांब्यावर सोडायला आला. मोटारसायकल उभी करून त्याने इंजिन बंद केलं.

"मले खरं नोको होतं ताई," तो म्हणाला. "धान त गेलाच होता. मले दादा पायजे होता."

मी विचारलं, तुला माहीत होतं का, ही काच तणसाची आहे ते. तो म्हणाला, मले काय माहीत, मले त ते वरतूनच पडलं वाटलं. पण नसतं पडलं तरी मी तेच म्हटलं असतं. आणि भरपाईचं? मी विचारलंच. हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही, याची मला आजही लाज वाटते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की एसटी आल्यावर मला सुटल्यासारखं झालं.

ठाण्यातल्या प्रकरणाचं पुढे काही झालं नाही. पुरावा नव्हता. पुरावा नाही म्हणजे निर्दोष, असं कायदा म्हणतो, गाव म्हणत नाही. दादाने धाकट्याकडे जाणं थांबवलं. बोडीच्या तोंडावरची आडकाठी मात्र त्याने स्वतः काढून टाकली, पाणी ज्याला हवं तेव्हा घ्या म्हणून. त्यावरही लोक म्हणाले, बघा, मन खातं त्याला.

त्या रविवारनंतर आठ-दहा दिवसांनी कॉलेजात अकरावीला ज्वलन शिकवत होते. आग लागायला ठिणगीच लागते असं नाही, हे मी दरवर्षी सांगते. ओल्या गवताची गंज गच्च रचली की आतल्या जिवाणूंनी ऊब धरते, ऊब साठत जाते, बाहेर पडायला वाट नसते आणि एक दिवस गंज आपोआप पेटते. वाक्य अर्धं बोलून मी थांबले. त्या वर्षी कापणीनंतर अवकाळी आला होता. भारे ओलेच रचले, असं धाकट्याची बायको फोनवर रडत रडत सांगत होती आणि मी तिच्या बोलण्यात दादाचं नाव शोधत होते. पोरं वाट पाहत होती. मी खडू ठेवून बाहेर आले.

तसं झालंच असेल असं मी म्हणत नाही. धानाच्या पुंजण्यात असं क्वचित घडतं. पण ओसरीत दादाने विचारलं तेव्हा हे उत्तर माझ्यापाशी होतं. विसाव्या वर्षापासून होतं. मी रसायनाची बाई, मला काडीतली सिलिका दिसली, पोटॅश दिसला, फॉस्फेट दिसलं, पण भारे ओले होते हे आठवलं नाही, कारण मी ओल शोधतच नव्हते. मी माणूस शोधत होते.

त्याच दुपारी मी दादाला फोन केला. सगळं समजावून सांगितलं, म्हटलं मी येते, चौघांना पुन्हा बोलाव, त्यांच्यासमोर सांगते. तो ऐकत होता. मग म्हणाला, "हो बाई, तसंही असंल," आणि नवऱ्याची, पोरांची विचारपूस करून फोन ठेवला. तरीही मी गेले. चौघांपैकी दोघे आले. त्यांनी मान डोलावली. भावासाठी बहीण काहीतरी शोधून काढणारच, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. संशय कसा दिसतो हे मला कोणी शिकवायला नको.

दादा माझ्यावर रागावला नाही. भाऊबीजेला येतो, ओवाळणी घालतो, जेवतो. दरवर्षी नवे तांदूळही आणतो, लग्न झाल्यापासून आणतोच. आधी पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं असायचं, तो ते ओसरीत टेकवायचा आणि पाणी मागायचा. आता तो पोतं उतरवतो, खिशातली छोटी सुरी काढून शिवण उसवतो, तांदूळ ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, "पाहून घे, बाई."

मी म्हणते, राहू दे ना दादा. तो ओंजळ तशीच धरून उभा राहतो, मी पाहीपर्यंत.